काथ्याची सीट

आमच्या चौकात सायकलची दुकानं तशी बरीच, पण गादीवाले काका एकच. पंक्चर, वाकड्या चाकाची आऊट, ढिले ब्रेक, सगळं ते करायचे, पण पोटासाठी. जीव होता तो सीटमध्ये. पंक्चर कुणालाही काढता येतं, सीट बनवायला माणूस कळावा लागतो, असं ते म्हणायचे. गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येईपर्यंत काका त्याच्या चालीकडे बघत राहायचे आणि सायकलला हात लावायच्या आधीच सांगून टाकायचे, की तुम्ही डाव्या अंगावर बसता. बहुतेकदा ते खरं निघायचं. खोटं निघालं तरी काका हार मानायचे नाहीत. बसता तुम्ही डावीकडेच, तुम्हाला माहीत नाही एवढंच, असं म्हणून त्या माणसालाच गप्प करायचे. हवा भरायचा पंप आणि काकांचं तोंड, दोन्ही सकाळी सुरू झालं की अंधार पडेपर्यंत थांबायचं नाही.

दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. पुढे फळकुटाचा बाक आणि ट्यूब बुडवून भोक शोधायचं पाण्याचं घमेलं. आत खिळ्यांना टांगलेल्या चेनी आणि रिमा, आणि एका कोपऱ्यात सुतळी, दाभण, रेक्झिनचे तुकडे, जुन्या गाद्यांतला फोम. त्या कोपऱ्यात मांडी घालून, दातांत सुतळी धरून काका सीट शिवायचे. समोरच्या बाकावर माझं अर्धं लहानपण गेलं, कारण काकांची मुलगी माझी मैत्रीण. एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो आणि शाळा सुटली की दुकानातल्या बाकावर. आज मी शाळेत शिकवते. ही हकिगत सांगताना मला राग येतो, ते आधीच सांगून ठेवते. तो कुणावर काढायचा हे मात्र इतक्या वर्षांत ठरलेलं नाही.

आमच्या वस्तीतली शाळा सातवीपर्यंत. आठवीपासूनची, म्हणजे आज मी शिकवते ती शाळा, मोठा रस्ता ओलांडून, चढावर, पार गावाबाहेर. तिकडे बस जात नसे, आणि चालत जायचं तर पोहोचेपर्यंत पहिला तास संपायचा. त्यामुळे हिशोब सरळ होता. ज्या मुलीकडे सायकल ती आठवीत, जिच्याकडे नाही ती घरात. काकांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, म्हणून भिंगरी पाचवीत असल्यापासून ते तिच्यासाठी सायकल जमवत होते. फ्रेम एका भंगारवाल्याकडून आणली, चाकं एका म्हाताऱ्या मास्तरांची, घंटी कुणा पाहुण्याची. हिरवा रंग स्वतः मारला. तो सुकेपर्यंत भिंगरीनं तीनदा हात लावून बघितला, आणि तिच्या बोटाचा ठसा मागच्या मडगार्डवर कायमचा राहिला.

तिचं डोकं गणितात चालायचं. मी अजून वहीत आकडे मांडत असायचे, तोवर तिचं उत्तर तयार. दुकानात बसून ती पुढच्या चक्राचे आणि मागच्या चक्राचे दाते मोजायची आणि पॅडल एकदा फिरलं की सायकल किती पुढे जाते ते सांगायची. मोठी होऊन ती पूल बांधणार होती. काका येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, की ही पूल बांधणार आणि पहिली सायकल मी नेणार त्यावरून. गिऱ्हाईक कंटाळलं तरी काका कंटाळायचे नाहीत. आम्हा दोघींना त्यांनीच सायकल शिकवली. मी पडले की हसायचे आणि ती पडली की धावायचे. बापाचं मन, मला तेव्हाही त्याचा राग आला नाही.

सातवीची परीक्षा झाली, सुट्टी लागली, आणि भिंगरीची आत्या आली. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. काकांना बोलण्यात हरवणारं जगात कुणी नव्हतं, ही एक सोडून. तिनं जाहीर केलं, की पोरीला आता नेऊन आणायचं.

नेऊन आणणं. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत हाच शब्द होता. ऐकायला किती साधा, कुणी म्हणेल देवदर्शनाला चालली. त्याचा अर्थ असा, की मुलगी वयात यायच्या आसपास तिला नात्यातल्या एखाद्या म्हातारीच्या घरी न्यायचं, आणि तिथं दार लावून तिच्या गुप्तांगाचा भाग कापून टाकायचा. त्याशिवाय पोर स्वच्छ होत नाही, तिचं लग्न होत नाही, असं बायका मानायच्या, कारण त्यांच्या आयांनी तसंच मानलं होतं. पुरुषांना त्यातलं काही सांगायचं नाही आणि पुरुषांनी विचारायचं नाही. बायकांचं काम, एवढं म्हटलं की पुरुष पुढचं दार ओढून बाहेर पडत. सगळी अळीमिळी गुपचिळी. माझी आई दुसऱ्या रीतीच्या घरातली, म्हणून मी वाचले. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

काकांना वाटलं, मुलगी मोठी झाली म्हणून काहीतरी जेवणबिवण असेल, चार बायका जमतील, गाणी म्हणतील. त्यांनी तिला नवा फ्रॉक घेऊन दिला. एवढंच नाही, तर मोठ्या हौसेनं त्यांनी स्वतः तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून बस स्टँडवर सोडलं. तिची आई, म्हणजे काकू, आणि आत्या मागून रिक्षानं गेल्या. मी चौकात उभी होते. भिंगरीनं दोन्ही हात सोडून मला हात केला आणि काका ओरडले, की धरून बस.

ती परत आली तेव्हा सुट्टी संपत आली होती. दारात उभी राहून माझ्याशी बोलली, पण बाहेर आली नाही. ताप होता म्हणाली. मी विचारलं, की तिकडे काय काय केलं, तर म्हणाली काही नाही. शाळा सुरू झाली, आम्ही हिरवी सायकल आणि माझी सायकल घेऊन निघालो, आणि मोठ्या रस्त्यापर्यंत पोहोचायच्या आत ती उतरली. सीट लागते म्हणाली. उरलेला सगळा रस्ता ती सायकल हातात धरून चालली, आणि तिच्याबरोबर मीही. पहिल्याच दिवशी दोघींना वर्गाबाहेर उभं केलं.

सीट लागते हे कळल्यावर काकांना काय वाटलं असेल? काकांना आनंद झाला. बापाला नव्हे, कारागिराला. हा तर आपल्याच हातातला विषय. त्यांनी त्याच संध्याकाळी सीट काढली आणि फोमची बनवली. मग फोम दबतो म्हणून दुसरी केली, ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या घालून. मग तिसरी, स्प्रिंगांची. मग आणखी एक, पुढचं टोक खाली वाकवलेली. मग ते टोकच कापून टाकलं, तेव्हा सीट दिसायला पाटासारखी झाली आणि शाळेतली पोरं हसली. मग कुठूनसा काथ्या आणला, पिंजला, भिजवला, वाळवला आणि चांगला जाड थर भरून दाभणानं शिवला. प्रत्येक वेळी ते बाकावर बसून विचारायचे, आता कशी आहे गं. ती म्हणायची बरी आहे. दोन दिवस कशीबशी बसायची आणि परत उतरायची. याला म्हणतात आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. पण म्हैस बोलत नव्हती, आणि पखालीवर काकांचा हात उत्तम चालत होता.

गंमत अशी, गंमत म्हणायची जीभ होत नाही खरं तर, की ती सीट बघून इतर बाप यायला लागले. आमच्या पोरीलाही सीट लागते म्हणे, तशी एक गादी करून द्या. दर वर्षी सुट्टी संपली की दुकानापुढे मुलींच्या सायकली उभ्या राहायच्या. गादीवाले काका हे नाव तेव्हाच पडलं. काकांनी त्यावर एक शोधही लावला होता. मुली सुट्टीत सायकल चालवत नाहीत, म्हणून अंगाची सवय मोडते, म्हणून सीट लागते. हे ते इतक्या ठामपणे सांगायचे, की ऐकणारा बाप मान डोलवत घरी जायचा. मुलांच्या सायकलीही सुट्टीभर पडून असतात आणि त्यांना काही होत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. काही महिन्यांनी त्यातल्या कितीतरी सायकली परत यायच्या. गादी काढा, वर दांडी जोडा, आता धाकटा भाऊ नेईल. काका तेही करून द्यायचे.

शाळेत भिंगरीचं काय चाललं होतं ते मी बघत होते, पण मला कळत नव्हतं. ती पाणी प्यायची नाही. मधल्या सुट्टीत बाथरूमला गेली की तास सुरू झाला तरी यायची नाही, आणि बाई सगळ्यांसमोर विचारायच्या, की आत झोपली होतीस का. दर महिन्याला चार-सहा दिवस यायचीच नाही. आली की फळ्यावरचं पुढे गेलेलं असायचं. वर्गात ती बाकाच्या कडेवर बसायची आणि गणित चाललेलं असताना खिडकीबाहेर बघायची. तिच्या डोक्यात दुखण्याशिवाय दुसरं काही मावत नव्हतं, हे तिनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. आज माझ्या वर्गात एखादी मुलगी बाथरूममधून उशिरा आली तर मी काही विचारत नाही. माझ्या बाईंनाही माहीत नव्हतं. पण विचारायची ती काय रीत झाली?

सहामाहीत ती गणितात नापास झाली. काकांचा विश्वास बसेना. त्या दिवशी संध्याकाळी दुकानात गर्दी होती, बाकावर माणसं होती, मी होते. भिंगरी सायकल हातात धरून आली. काकांनी विचारलं, की आज तरी बसून आलीस का. ती म्हणाली, सीट लागते. काका उठले, तिच्या हातातून सायकल घेतली, त्या काथ्याच्या सीटवर स्वतः बसले, चौकाला एक फेरी मारली आणि आले. मग सगळ्यांसमोर म्हणाले,

"सीटमध्ये काही खोट नाही. खोट बसणारीत आहे. शिकायचं नसेल तर तसं सांग."

भिंगरीनं त्यांच्याकडे बघितलं. तिला काहीतरी बोलायचं होतं हे मला आजही शपथेवर सांगता येईल. पण चार पुरुष बसलेले, समोर बाप, आणि म्हातारीच्या घरी दार उघडायच्या आधी आत्यानं घातलेली शपथ. ती म्हणाली, नाही शिकायचं. आणि घरी गेली. हिरवी सायकल काकांनी आत नेऊन भिंतीला टेकवली. दुसऱ्या दिवशी मी एकटी शाळेत गेले, आणि त्यानंतर रोजच.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. मार खाणारीनंच म्हणायचं, मला नको होतं.

काका काही दिवस रागात राहिले, मग खचले. गिऱ्हाइकांपुढे पुलाचं नाव काढेनासे झाले. भिंगरी घरात स्वयंपाक शिकली, शिवण शिकली, यथावकाश लग्न झालं. नवरा भला माणूस, पण कामासाठी कायम परगावी. बाळंतपणाला ती माहेरी आली.

त्या बाळंतपणात तिचे फार हाल झाले. सकाळी दवाखान्यात नेलं, दुसरी सकाळ झाली तरी सुटका नाही. काका बाहेर नळाजवळच्या बाकावर बसून होते. अखेर एक नर्स बाहेर आली. मुलगी झाली, दोघी वाचल्या, असं सांगितलं, आणि मग तिचाही धीर सुटला असावा. म्हणाली, की एवढं सोसलं तुमच्या पोरीनं, आणि कशापायी, तर लहानपणी तुम्हीच जे करून ठेवलंत त्यापायी. काकांनी विचारलं, आम्ही काय केलं? तिला वाटलं म्हातारा साळसूदपणाचा आव आणतोय. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, शेजारी बसली आणि सांगितलं. काय कापतात, त्यानं पुढं काय काय होतं, बसताना काय होतं, लघवीला काय होतं, दर महिन्याला काय होतं. सगळं सरळ शब्दांत सांगितलं. तिनं सायकलचा शब्दही काढला नव्हता. काकांना मात्र सायकलशिवाय दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

नातीचं तोंड बघून ते घरी आले आणि त्यांनी बायकोला विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिला असलं काही विचारलं असेल. काकू चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी नाकारलं नाही. काका म्हणाले, मला एका शब्दानं सांगायचंस तरी. त्यावर काकू जे बोलल्या ते काकांनी मला जसंच्या तसं सांगितलंय.

"तुम्ही विचारलं असतंत तरी मी सांगितलं नसतं. माझंही केलं होतं, माझ्या आईचंही. पण आम्ही कुठं सायकलवर बसलो होतो? आम्ही कुठं बाकावर बसून दिवसभर शाळा केली? घरात दुखलं तर कोपऱ्यात पडून राहायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. पोरीची शाळा जाईल हे मला कुठून कळणार?"

काकूंवर रागवायला जावं तर त्यांच्याही अंगावर तोच वार.

त्यानंतर चौकानं एक वेगळेच काका बघितले. बोलणं आटलं. सुट्टी संपली, मुलींच्या सायकली आल्या, आणि काकांनी गादी करायला नकार दिला. बापाला बाकावर बसवायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, की आधी घरात विचारून ये, पोरीला कुठं नेऊन आणलंय का, आणि काय केलंय. दोष सीटचा नाही. काही बाप हसले. काही भडकले, की म्हाताऱ्या, बायकांच्या कामात तुझं नाक कशाला. बरेचसे काही न बोलता उठून समोरच्या दुकानात गेले, आणि तिथंही आता गाद्या मिळायला लागल्या. एखादा मात्र सायकल वळवून थेट घरी जायचा, आणि त्याच्या धाकट्या मुलीची सायकल पुढच्या वर्षी गादी मागायला यायची नाही. असे किती? फार नाहीत. वरातीमागून घोडं, काका स्वतःच म्हणायचे.

पण जिला सांगायला हवं होतं तिला ते काही सांगू शकले नाहीत. बापानं लेकीशी असल्या गोष्टीवर कसं बोलायचं, हे आमच्याकडे कुणी शिकवलेलंच नाही. भिंगरी सासरहून अधूनमधून माहेरी यायची, काका तिच्यासाठी काय काय आणायचे, नातीला खांद्यावर घेऊन हिंडायचे, आणि तोंड उघडून मिटायचे. जगाला डावीकडे झुकून बसता म्हणून सांगणारा हा माणूस. मला त्यांची कीव यायची आणि संतापही. दोन शब्द तर होते.

नात मोठी झाली. सातवीनंतर तिला इथल्या शाळेत घालायचं ठरलं म्हणून मायलेकी इथंच राहायला आल्या. परीक्षा नुकतीच संपली होती, सुट्टी होती, आणि काठी टेकत आत्या आली.

मी त्या दिवशी तिथं होते, भिंगरीला भेटायला गेले होते. आत्या बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, पोरीला नेऊन आणू. नात खुशीत पिशवी भरायला धावली. तिला वाटलं फिरायला. भिंगरी उभी राहिली आणि म्हणाली, नाही. आत्यानं तिच्याकडे लक्षही दिलं नाही, काकूंशीच बोलत राहिली. हिच्या सासरचे काय म्हणतील, उद्या पोरीला कोण करून घेईल, तुझं केलं, हिचं केलं, कोण मेलं का त्यानं. काकू खाली बघत होत्या. आजवर आत्याला नाही म्हणायची पद्धतच नव्हती त्या घरात. भिंगरी दुसऱ्यांदा नाही म्हणाली तेव्हा तिचा आवाज फुटला.

काका दारात होते. अशा वेळी त्यांनी दार ओढून बाहेर पडायचं, ही रीत. ते बाहेर पडले, तेव्हा माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. पण ते लगेच दुकानातून एक पोतं घेऊन परत आले, बायकांच्या त्या खोलीत मध्यभागी बसले आणि पोतं उपडं केलं. सीटा पडल्या. फोमची, रबराची, स्प्रिंगांची, ती पाटासारखी कापलेली, काथ्याची. एवढी वर्षं त्यांनी त्या दुकानाच्या माळ्यावर ठेवल्या होत्या, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"ताई, हे बघ," ते म्हणाले. "माझी पोर पूल बांधणार होती. तिची शाळा ह्या पोत्यात आहे. आता नातीसाठी मी एकही सीट शिवणार नाही, आणि तिला कुणी कुठं नेणार नाही."

"पस्तावशील," आत्या म्हणाली.

"मी दुसरं काय करतोय इतकी वर्षं?"

आत्या काही बदलली नाही. म्हाताऱ्या माणसाला त्याचं सगळं आयुष्य चुकीचं होतं असं कुणी एका दुपारी सांगून पटत नसतं. ती काठी घेऊन उठली, त्या घरचं पाणीसुद्धा पुन्हा पिणार नाही म्हणाली, आणि तो शब्द तिनं शेवटपर्यंत पाळला. काकू तिला थांबवायला उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. नातीनं भरून ठेवलेली पिशवी त्यांनी रिकामी केली आणि खुंटीला लावली.

संध्याकाळी काका दुकानात होते. बाकावर नेहमीची दोन-तीन माणसं बसली होती. भिंगरी ते पोतं परत द्यायला आली. मी तिच्याबरोबर होते. काकांनी पोतं घेतलं नाही. हातातला पाना खाली ठेवला, उभे राहिले, आणि त्या माणसांदेखत, पूर्वीएवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "खोट बसणारीत नव्हती. मी खोटं बोललो होतो."

बाकावरच्या माणसांना काही कळलं नाही. भिंगरीला कळलं. तिनं पोतं बाकाशी टेकवलं. रडली नाही. मग वाकून तिनं आतली एक सीट बाहेर काढली, तिच्यावर तळहात दाबून बघितला, आणि बापाची समजूत काढावी तसं म्हणाली,

"बाबा, ही काथ्याची होती ना, ही त्यातल्या त्यात बरी होती."

काकांना मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना बघितलं. ते पाण्याच्या घमेल्याकडे तोंड करून रडले आणि आम्ही दोघी रस्त्याकडे बघत राहिलो. मला वाटलं होतं, की हे दोन शब्द बोलले गेले की काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. मी भिंगरीला म्हणाले, की बाहेरून परीक्षेला बसता येतं, मी शिकवते, बस. ती हसली. म्हणाली, आता बाकावर किती वेळ बसवेल मला, तुला ठाऊक नाही. खरंच मला ठाऊक नव्हतं.

सुट्टी संपली. काकांनी भिंतीला टेकवून ठेवलेली हिरवी सायकल बाहेर काढली, ट्यूब-टायर बदलले, चेनला तेल दिलं, चाकांची आऊट काढली. रंग दुसरा देऊ म्हणाले, तर भिंगरीनं नको म्हटलं. मडगार्डवरचा तो बोटाचा ठसा तिला ठेवायचा होता. सीट मात्र नवी, बाजारातून आणलेली, कारखान्यातून येते तशी, कडक. चौकातल्या लोकांना नवल वाटलं. गादीवाल्या काकांची नात आणि असली दगडासारखी सीट. एकदोघांनी टोमणाही मारला, की घरच्या पोरीला गादी नाही होय.

पहिल्या दिवशी आठवीच्या वर्गात मी नातीची हजेरी घेतली. वेळेवर आली होती, पहिल्या बाकावर बसली होती, घटाघट पाणी पीत होती. संध्याकाळी मी दुकानात गेले तेव्हा ती नुकतीच पोहोचली होती. चढावरून उतारानं आली म्हणून केस सगळे उडालेले. भिंगरी बाकावर तिची वही उघडून बसली होती आणि आठवीच्या गणिताच्या पहिल्या पानावर बोट फिरवत होती. हे पान तिनं एकदा पाहिलेलं होतं.

काका खाली बसून कुणाची तरी ट्यूब बुडवत होते. मान वर न करता त्यांनी नातीला विचारलं, "सीट लागते का गं?"

"नाही," ती म्हणाली. "का लागेल?"

भिंगरीनं वही मिटून तिच्या हातात दिली. काका ट्यूब पाण्यात धरून बसले होते. बुडबुडे केव्हाचे दिसत होते.